तेलाचा वास

कामाच्या ठिकाणच्या जेवणाला नावं ठेवल्याशिवाय काही माणसांना जेवण पचतच नाही. भाजीत मीठ कमी, रस्सा पाणचट, भाताचा गोळा! पण दोऱ्याच्या त्या कारखान्यात असं कुणी म्हणत नसे. सातशे माणसं दोन पाळ्यांत जेवायची आणि ताटं इतकी निपटून परत करायची की भांडी घासणाऱ्या बायका म्हणायच्या, "ताई, आमची नोकरी घालवणार तुम्ही एक दिवस!"

ताई म्हणजे तिथल्या कँटीनची मुख्य स्वयंपाकीण. कांदे सोलायला म्हणून लागली आणि सोळा वर्षांत सगळ्या चुलींची मालकीण झाली. तिचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात होतं.

आणि त्या वर्षी ताटं उष्टी परत येऊ लागली.

आधी तळलेल्या बटाट्याचे काप राहायचे. मग तळलेला मासा. मग भाजीही. ताई भांड्यांच्या खिडकीशी उभी राहून उष्टी ताटं मोजायची. कुणाला विचारलं तर उत्तर एकच, "भूक नव्हती हो ताई." सातशे माणसांची भूक एकदम मेली?

शेवटी दोरा गुंडाळण्याच्या विभागातली एक बाई ताट सरकवताना बोलून गेली. ही बाई जिभेची तिखट म्हणून प्रसिद्ध होती.

"ताई, नाकात बोळे घालून स्वयंपाक करता का हल्ली?"

मागच्या दोघी हसल्या. ताईही हसली. पण हसता हसता तिचा हात खिडकीच्या कडेवर घट्ट आवळला गेला. कारण त्या बाईनं नकळत बरोबर जखमेवर बोट ठेवलं होतं.

ताईचं नाक गेलं होतं.

दहा महिन्यांपूर्वी तिला ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. साबण लावला काय आणि दगड लावला काय, सारखंच. दूध जळून भांड्याला काळं लागलं तरी पत्ता नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, तिखट एवढं कळायचं, पण पदार्थाचा जीव तर वासात असतो! डॉक्टर म्हणाले, "येईल परत, नाहीतर नाही येणार." यात औषध काय द्यायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकीण आणि नाक नाही! ड्रायव्हरला दिसत नाही म्हटल्यावर त्याला गाडीवर कोण ठेवील? ताईनं ही गोष्ट साऱ्या जगापासून लपवली. सांगितली फक्त एकाला, धाकट्याला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई चौदाची. आई शिवणकामाला जायची, धाकट्याला ताईनं वाढवलं. त्याची शाळा सुरू झाली तेव्हा तिची सुटली. पुढे कँटीनच्या कोठीघरात जागा निघाली, तेव्हा तिनंच साहेबांकडे शब्द टाकला. तेल, पीठ, डाळी, मसाले, सगळ्याची किल्ली धाकट्याच्या कमरेला आली.

नाकाचं ऐकून धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ताई, तू काही काळजी करू नकोस. आजपासून मीच तुझं नाक! डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो बघ."

आणि ठेवलं त्यानं. मसाला भाजला की तो वास घेऊन सांगायचा, "अजून थोडा." रस्सा उकळला की सांगायचा, "झाला." तेलाचे डबे तर तो ती यायच्या आधीच उघडून ठेवायचा. "झाकणं घट्ट असतात ताई, तुझी मनगटं दुखतात." कोणत्या बहिणीचा ऊर भरून येणार नाही?

मधल्या काळात तेलाला फेस जास्त येऊ लागला होता. कढई तापायच्या आत धूर सुटत होता. रंगही किंचित गडद. ताईनं हे पाहिलं होतं. विचारलंही होतं.

"नवीन कंपनीचं आहे ताई, रंगच तसा. वास एकदम ताजा!"

झालं. तिचे डोळे शाबूत होते, पण डोळ्यांनी पाहिलेलं ती भावाच्या नाकाला विचारत होती!

कँटीनच्या धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्याला दर सोमवारी तेलपाणी करायला तेलकाका यायचे. कारखान्यातल्या हजारो चात्यांना, म्हणजे दोरा गुंडाळणाऱ्या फिरत्या दांड्यांना, तेल देण्यात त्यांची हयात गेली होती. बोटांच्या रेषांत तेल इतकं मुरलेलं की ते म्हणायचे, "मी चोरी केली तर पोलिसांना ठसे घ्यायला शाई लागणार नाही." गप्पिष्ट माणूस. चहा घेता घेता त्यांचं तेलपुराण सुरू व्हायचं. "तेल म्हणजे एक शब्द, ताई, पण गोत केवढं मोठं! केसाचं वेगळं, कढईचं वेगळं, कंदिलाचं वेगळं, चातीचं वेगळं. आणि साहेबाला लावायचं तर सगळ्यात महाग, कारण त्यात आपली लाज मिसळावी लागते!"

त्या सोमवारी पंख्याची पाती पुसताना काका गप्प होते. पात्यांवरचा चिकट थर त्यांनी फडक्यावर घेतला, बोटांत चोळला. मग खाली उतरून सरळ तेलाच्या उघड्या डब्याशी गेले आणि अंगठा नि बोट बुडवून तेल चोळू लागले.

"अहो काका, हात कसले घालताय त्यात!" ताई ओरडली.

"ताई, हे तेल निवृत्त झालेलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्यातरी कढईत नोकरी करून आलंय. नवं तेल बोटावरून सरळ घसरतं. हे ओढ घेतंय, चिकटतंय. पंख्यावरचा थरही गेले काही महिने डिंकासारखा झालाय." मग त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि वास तर इतका खवट आहे की मला दारातच आला. तुम्हाला येत नाही?"

ताई खाली बसली. सोळा वर्षांत ती त्या स्वयंपाकघरात दुपारच्या आधी कधी बसली नव्हती. दहा महिने पोटात ठेवलेलं तिनं काकांना सांगून टाकलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "मग वास कोण घेतं?"

"माझा भाऊ. काका, त्याला फसवलं असेल दुकानदारानं. तो नाही असं करणार!"

"नसेलही केलं. बघून घ्या. विश्वासाला तपासलं म्हणून विश्वास मरत नाही. मेलेला असेल तर मात्र कळतं."

ते गेले आणि थोड्या वेळानं वाटीत चार चमचे तेल घेऊन आले. स्वच्छ, पातळ, फिकट पिवळं. चात्यांना घालायचं यंत्राचं तेल! "वास घेणाऱ्याला एका क्षणात कळेल," ते म्हणाले. "आणि काम झालं की वाटीही फेकून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं ती वाटी धाकट्यापुढे धरली. मनात ती म्हणत होती, ओरड रे बाबा, 'ताई, हे काय भलतंच!' म्हणून ओरड माझ्यावर!

"आजच्या डब्यातलं काढलंय. बघ रे जरा."

धाकट्यानं वाटी नाकाजवळ नेल्यासारखी केली. त्याची नजर हातातल्या मोबाईलवरच होती.

"झकास! एकदम ताजं. घाल बिनधास्त."

वाचकहो, माणूस परका असेल तर फसवणूक कानांना कळते. आपला असेल तर ती डोळ्यांसमोर घडली तरी पटत नाही. ताईनं वाटी परत घेतली आणि बाजूला ठेवली. त्यानं वास घेतलाच नव्हता. आजच नव्हे, किती दिवस घेतला नसेल! आज तिनं खरंच ते तेल कढईत ओतलं असतं तर? सातशे माणसांनी यंत्राचं तेल खाल्लं असतं, आणि वाढलं असतं तिच्या हातांनी!

"चल, कोठीघर उघड," ती म्हणाली. "बंद डबा माझ्यासमोर फोड."

"आत्ता? नंतर बघू ना ताई, पीठ यायचंय..."

"आत्ता."

कोठीघरात बंद डबा एकही नव्हता. पिठाच्या पोत्यांमागे प्लास्टिकचे कॅन होते, काळपट तेलानं भरलेले. शेजारी नरसाळं आणि त्यावर ताणून बांधलेलं फडकं. ते फडकं ताईनं ओळखलं. तिच्याच जुन्या ओढणीचं होतं.

धाकटा आधी गडबडला, मग त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. मोठ्या हॉटेलांत तळून तळून काळं झालेलं तेल मिळतं. ते गाळायचं, थोडं नवं मिसळायचं. कारखान्यासाठी आलेले चांगले डबे बाहेर विकायचे.

"किती दिवस चाललंय हे?"

"आठ महिने."

ताईनं मनाशी मोजलं. तिचं नाक जाऊन दोन महिने झाले तेव्हापासून! डोळ्यांत पाणी आणून 'मीच तुझं नाक' म्हणणाऱ्या भावानं दोन महिने विचार केला होता, आणि मग या नाकाचं काय करता येईल ते ठरवलं होतं.

"मी तुला माझी लाज सांगितली होती रे," ती म्हणाली. "आईलासुद्धा सांगितली नव्हती."

"मग काय करू? साऱ्या कारखान्यात ताई, ताई! मी म्हणजे ताईचा भाऊ, डबे उचलणारा. तुझं नाक झालो, तेही चोरून. कोण मेलं का या तेलानं? हॉटेलात लोक पैसे देऊन खातात तेच!" आणि मग तो जरा जवळ आला. "हे बघ, तू बोललीस तर मीही बोलीन. बिननाकाची बाई स्वयंपाक करते म्हणून. मग दोघंही घरी. तेलही गेलं, तूपही गेलं. गप्प राहा ताई, मी हळूहळू बंद करतो."

त्या दिवशी ताईनं तळण केलं नाही. सगळं उकडून वाढलं, पोट बिघडल्याचं सांगून लवकर घरी गेली आणि आईला सांगितलं. दोघी एकाच घरात राहायच्या. धाकटा बायकोमुलीसह मागच्या दोन खोल्यांत.

आईनं हातातली सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाली, "चुकलं त्याचं. पण तू आगीत तेल ओतू नकोस. घरातलं घरात राहू दे. त्याच्या मुलीचा तरी विचार कर."

"आणि ज्यांनी खाल्लं त्यांचा?"

"ते परके आहेत गं."

ताईला एकदम वाटलं, या घरात आपल्याला वास येत नाही असं नाही. वास सगळ्यांनाच येतो, फक्त कुणी नाक मुरडायचं नाही असं ठरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिचं अजून ठरलं नव्हतं. कारखान्याच्या फाटकाशी तेलकाका भेटले. तिचा चेहरा पाहून त्यांना विचारायची गरज पडली नाही.

"काका, माझाच भाऊ आहे. शिवाय माझंही बिंग फुटेल. हळूहळू बंद करतो म्हणाला आहे. गप्प बसले तर काय बिघडेल?"

"ताई, मी चातीला जुनं तेल घातलं तर काय होतं माहीत आहे? चाती किंचाळते. बेअरिंग तापतं, धूर येतो, दोरा तुटतो, सगळा विभाग गोळा होतो. यंत्र गप्प बसत नाही! माणसाचं तसं नाही. माणूस छातीत जळजळलं की गोळी घेतो आणि कामाला लागतो. म्हणून माणसांच्या बाबतीत कुणीतरी ओरडावं लागतं. तुमच्याजवळ नाक नाही हा तुमचा दोष नाही. पण तोंड आहे ना?"

"लोक मला काय म्हणतील?"

"वाईट म्हणतील," काका सरळ म्हणाले. "मी खोटं कशाला सांगू? पण आज बोललात तर दोष तुमच्या भावाचा आणि थोडा तुमचा. उद्यापासून सगळा तुमचा, कारण आजपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं!"

पहिल्या पाळीचं जेवण लागलं तेव्हा ताई वाढपाच्या टेबलामागून बाहेर आली. तिनं कोठीघरातला एक कॅन स्वतः उचलून आणला होता. तो तिनं सगळ्यांसमोर ठेवला.

"ऐका जरा!" साडेतीनशे माना वर झाल्या. "गेले आठ महिने तुम्ही हे तेल खाल्लंत. कोठीघरातून हे आलं, माझ्या भावानं आणलं. आणि मला कळलं नाही, कारण मला वास येत नाही. दहा महिने येत नाही. मी हे तुमच्यापासून लपवलं. साहेबांना आत्ताच सांगून आले आहे. माझं चुकलं!"

दाराशी उभा असलेला धाकटा तिच्याकडे पाहत होता. मग तो वळला आणि निघून गेला.

ताईला वाटलं होतं लोक ओरडतील, ताटं आपटतील. तसं झालं नाही. लोक एकमेकांकडे बघत होते, आणि त्या बघण्यात आश्चर्य नव्हतं! ताई चमकली. तिनं कॅनचं झाकण उघडलं आणि जवळच्या टेबलावरच्या माणसापुढे धरलं.

"हा वास तुम्हाला येत होता?"

त्या माणसानं मान खाली घातली.

"तुम्हाला? तुम्हाला येत होता?" ती टेबलाटेबलाशी फिरू लागली. "माझं एक नाक गेलं होतं हो! तुमची सातशे नाकं कुठे गेली होती? आठ महिने एकानंही मला तोंडावर सांगू नये?"

शेवटी ती दोरा गुंडाळणारी बाई उठली. तिची नेहमीची तिखट जीभ त्या दिवशी जड झाली होती.

"ताई, येत होता वास. पहिल्या दिवसापासून येत होता. पण... आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"काय?"

"वाटलं, तुम्ही दोघं बहीणभाऊ मिळून करताय. तुमच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं. तुम्हीच असं केलंत म्हटल्यावर आम्ही तक्रार करायची तरी कुणाकडे? इथे आम्ही एकमेकींत बोलायचो, 'ताईसुद्धा फिरली!' त्या दिवशी बोळ्यांचं बोलले ते त्याच रागानं."

ताईनं हातातला कॅन खाली ठेवला. भावानं तिला फसवलं होतं. पण आठ महिने या माणसांच्या मनात तीच फसवणारी होती! रोज ती त्यांना हसून वाढत होती आणि ते लोक तिच्या हसण्याकडे बघून म्हणत होते, काय निर्ढावलेली बाई आहे. एक प्रश्न, फक्त एक सरळ प्रश्न कुणी विचारला असता तर हे सगळं त्याच दिवशी संपलं असतं. तिनं भावाला एकदा विचारून सोडून दिलं, लोकांनी तिला एकदाही विचारलं नाही. आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या आडोशाला बसून एक माणूस निवांत तेल गाळत राहिला!

चौकशी झाली. धाकट्याची नोकरी गेली. ताईला साहेबांनी पंधरा दिवस घरी बसवलं. सोळाव्या दिवशी परत बोलावलं ते कामगारांनी मागणी केली म्हणून. सगळ्यांनी नव्हे, निम्म्यांनी. उरलेले निम्मे अजूनही तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. ते तिनं मान्य केलं आहे.

परत येताना तिनं एकच अट घातली. आता रोज डबा जेवणघरात, सर्वांसमोर फोडला जातो. वाटीभर तेल टेबलावर ठेवतात आणि कुणीही दोघांनी येऊन वास घ्यायचा, मगच चूल पेटते. पहिल्या दिवशी कुणी पुढे येईना. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत राहिला. मग ती दोरा गुंडाळणारी बाई आली, वाटीत जवळजवळ नाक बुडवून म्हणाली, "चांगलं आहे." तिच्यामागोमाग आणखी एकजण उठला. आता तर पाळी कुणाची यावरून भांडणं होतात. मागच्या महिन्यात एक डबा खरंच खवट निघाला आणि तिथल्या तिथे परत गेला.

धाकटा दुसऱ्या गावी गेला, बायकोमुलीला आणि आईला घेऊन. जाताना आईनं ताईला एवढंच विचारलं, "मिळालं का तुला हवं ते?" ताईनं तिची सुईदोऱ्याची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. मागच्या दोन खोल्या तशाच आहेत. ती त्या झाडते. आईचा फोन येतो, पाच मिनिटांचा, त्यात धाकट्याचं नाव नसतं. कधी कधी मागून त्याचा खोकला ऐकू येतो, आणि ताई फोन कानाशी जरा जास्त दाबून धरते.

नागरिकहो, ताईनं बरोबर केलं की चूक, हे तिच्या घरच्यांना विचाराल तर एक उत्तर मिळेल आणि कारखान्यात विचाराल तर दुसरं. पण एक गोष्ट तिच्याकडून आपण सर्वांनी शिकावी. आपली उणीव लपवू नका. लपवलेली उणीव कुणाच्या तरी हातातली किल्ली होते. आणि जिथे काही सडल्याचा वास येतो, मग ते कँटीन असो, कचेरी असो की आपलं स्वतःचं घर, तिथे आपसांत कुजबुजू नका. ज्याच्यावर संशय आहे त्याच्यासमोर उभे राहा आणि विचारा! तो दोषी असेल तर सावध होईल, निर्दोष असेल तर जागा होईल. फसवणारा एकच असतो हो. त्याला आठ महिने मिळतात ते आपल्यासारख्या गप्प बसलेल्या भल्या माणसांमुळे.